अक्काची पांढरी बोटं

पौषात एका दुपारी अक्काला तिच्या सासऱ्यांनी आमच्या दारात आणून सोडलं. फलटणच्या बाजूने दोन गाड्या बदलून आले होते, पण पाण्यालाही थांबले नाहीत. तिची पत्र्याची पेटी अंगणात ठेवली आणि वडिलांच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "बोटं पांढरी पडत्यात हिची. आमच्याकडचा डाक्टर म्हणतोय, त्या रोगाची सुरवात आसंल. नसंल तर चांगलंच हाय. न्हाई म्हणून कागद आणा, मग घिऊन जातो."

"आन् पोरगी?" आईने विचारलं.

"पोरगी ऱ्हाईल आमच्यापाशी. तिला कशाला लावायचं?"

अक्काची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. अक्का पेटीवर बसून राहिली. रडली नाही. तिने फक्त दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मला वाटलं ती रागावली आहे. हात गार पडले होते, हे नंतर कळलं.

'तो रोग' म्हणजे महारोग. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. शेजारीपाजारी 'रगतपिती' म्हणायचे, तेही तोंडावर पदर धरून. मी इथे सरळ लिहिते आहे, कारण त्या वर्षी आमचं अर्धं आयुष्य तो शब्द न उच्चारण्यात गेलं आणि त्याची मला अजून चीड आहे.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली होती. घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे मी झुरळ फाडायला शिकते म्हणजे मला माणसांचंही कळत असणार, अशी सगळ्यांची समजूत होती. मला काही कळत नव्हतं. नाताळच्या सुट्टीला आले होते, तेवढ्यात हे घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पहिल्यांदा पाहिलं. अक्का हौदाशी भांडी घासत होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी झाली. मधल्या पेरापर्यंतच, जणू तिथे कुणी रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे तिचा हात होता आणि पलीकडे कुणा मेलेल्या माणसाचा. मग ती बोटं निळी झाली आणि शेवटी लालभडक. लाल होताना अक्का ओठ चावून बसली. "आता झोंबतंय," म्हणाली. "इंगळावर धरल्यावानी. थांब जरा, जातंय आपोआप." सगळं मिळून पाव तास लागला असेल. नंतर हात अगदी पूर्वीसारखा. तो पाव तास ज्याने पाहिला नाही त्याला ती खोटं बोलते असं वाटावं, आणि ज्याने पाहिला त्याने घाबरून पळावं.

आईने तिचं ताट वेगळं ठेवलं नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. चुलत्यांनी सुचवून पाहिलं होतं. आई म्हणाली, "माझ्या पोटात नऊ म्हैने हुती, तवा कुठं वेगळं ताट हुतं?"

संक्रांतीच्या आधी कासारीण आली. माहेरी आलेल्या लेकीला बांगड्या भरल्याशिवाय आई ठेवणार नव्हती. ही म्हातारी बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून आसपासची सगळी गावं फिरायची. अक्काच्या लग्नाचा चुडाही तिनेच भरला होता. तिने अक्काचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याचा उंचवटा दाबला, बोटं एकत्र मिटवून हात निमुळता करायला गेली, आणि अक्का ओरडली.

"आगं, वराडतीस काय? अजून बांगडी कुठं घातलीया?" कासारीण म्हणाली. मग तिने पुन्हा हळूच दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "आवं वैनी, ह्यो हात न्हवं त्यो. लग्नात लोण्याच्या गोळ्यावानी वळला हुता. आता कातडं हाडाला चिकटून बसलंय. चिमटीत बी यीना."

आई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. कासारणीला गावभर काय चाललं आहे ते ठाऊक होतंच. ती बांगड्या बाजूला ठेवून म्हणाली, "रगतपितीचं हात म्या भरल्यात. भरायला कोण जातंय त्यांच्याकडं? म्या जाते. त्या हाताला काच लागून रगात आलं तरी बाईला कळत न्हाई, तिला म्याच सांगते. आन् ही? नुस्तं धरलं तर किंचाळती. लोकं बोलत्यात ते काय मला पटत न्हाई, बगा."

दीड वर्ष मी चेतातंतूंच्या आकृत्या रंगवत होते, पण अक्काची बोटं दुखतात आणि महारोगात बधिर होतात, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. त्याच संध्याकाळी मी वडिलांना म्हणाले, "मी अक्काला सांगलीला घेऊन जाते. मोठ्या दवाखान्यात."

"तिथं कुणी बघितलं म्हंजी?" वडील म्हणाले. "तुझं बी लगीन व्हायचंय."

"मग नाही होणार," मी म्हणाले. घरात इतकं उलट मी आयुष्यात प्रथमच बोलले होते. माझा आवाज चिरकला, पण शब्द परत घेतला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईने अक्काच्या दहाही बोटांना दाट मेंदी लावली. नखांवर, पेरांवर, सगळीकडे. गाडीत बोटं पांढरी पडली तर कुणाला दिसू नयेत म्हणून. मलाही ती युक्ती चांगली वाटली. काय लपवतोय आणि कुणापासून, याचा आम्ही दोघींनीही विचार केला नाही.

दवाखान्यात कातडीच्या रोगांची खोली टोकाला होती. बाहेर दोन बाकं होती. एकावर खरूज-नायट्यांची गर्दी, दुसऱ्यावर फक्त एक म्हातारा, बोटं झडलेला, पायाला चिंध्या बांधलेला. शिपायाने चिठ्ठी वाचून अक्काला त्या बाकाकडे हात केला. ती थबकली.

"नवीन दिसताय," म्हातारा म्हणाला. "बसा की बाई. आमच्या बाकावर लय जागा. कुणी चिकटून बसत न्हाई."

अक्का फसकन हसली. सासरहून आल्यापासून पहिल्यांदा. आणि बसली. मी मात्र चार पावलांवर खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी समोरून आली, बहुधा कुणाला भेटायला. तिने बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोण गं त्या?"

"आमच्या गावच्या आहेत," मी म्हणाले.

अक्काने मान वळवली नाही. पण तिने ऐकलं होतं.

आत डॉक्टरांनी तिला हात पुढे करायला लावले आणि चष्मा कपाळावर ढकलला. "हे काय? लग्नाला निघालात का? कुणी लावली मेंदी?"

"आईनं," मी म्हणाले. "गाडीत कुणाला दिसू नये म्हणून..."

"मग माझ्यापासूनही लपवलंत की. मला रंग बघायचेत, नखांची मुळं बघायचीत. आता काय बघू, नक्षी?"

तरी त्यांनी जमेल तेवढं तपासलं. अक्काला डोळे मिटायला सांगून कापसाचा धागा बोटांवरून फिरवला. मग दोन काचेच्या नळ्या, एकीत गार पाणी, एकीत ऊन. अक्का प्रत्येक वेळी बरोबर सांगत होती. "गार. ऊन. ऊन. गार. आवं, गारच हाय की, किती येळा इचारताय?" कोपराच्या आतली शीर त्यांनी बोटांनी चाचपली, ती जाड झाली नव्हती. कानाच्या पाळीतून थोडंसं काचेवर घेतलं, जंतू आहेत का ते बघायला. महारोगाच्या बाजूने काही दिसत नाही, पण काच तपासल्याशिवाय बोलणार नाही, असं म्हणून ते लिहू लागले.

मला कासारणीचं सांगायचं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाला बांगडीवालीचं मत कसं सांगायचं, म्हणून जीभ उचलत नव्हती. शेवटी अर्धवट, अडखळत सांगितलं. त्यांची लेखणी थांबली.

"परत सांगा. हात वळत नाही म्हणाली, की दुखतो म्हणाली?"

"दोन्ही."

त्यांनी अक्काच्या बोटांवरची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरता आली नाही. मग स्वतःच्या हाताची धरली, सहज उचलली गेली. "तुमची कासारीण दिवसाला पन्नास हात हातात घेते," ते म्हणाले. "मी घेत नाही. तीन आठवड्यांनी या. मेंदी नको. पहिल्या गाडीने, थंडीत. हात शेकायचे नाहीत, वाटेत चहासुद्धा नको. मला तो झटका इथे, टेबलावर पाहिजे. आणि बाई, मिश्री लावता?"

अक्काने तोंडाला पदर लावला. "सकाळची जरा."

"किती वेळा?"

"तीनदा. म्हंजी, पाचदा."

"बंद. तंबाखूने रक्ताच्या नळ्या आवळतात. तुमच्या आधीच आवळल्यात."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "नवरा सुटला तर सुटू दे म्हणलं. आता मिसरी बी सोडायची?" मी हसले. ती हसली नाही. "गावच्या, व्हय गं?"

मला रडू फुटलं. "रडू नगं," ती म्हणाली. "तुझ्या जागी म्या बी हेच म्हणले असते. पण पुढल्या बारीला म्हणू नगं."

पुढच्या वेळी पहाटेच्या थंडीत आम्ही पहिली गाडी धरली. अक्का मुद्दाम खिडकीच्या लोखंडी गजाला धरून बसली. सांगली येईपर्यंत दोन्ही हातांची सहा बोटं पांढरीफटक. मी शिपायाला, चिठ्ठी लिहिणाऱ्याला, न विचारता सगळ्यांना सांगत सुटले, "माझी सख्खी बहीण आहे." शिपाई वैतागून म्हणाला, "बरं, मग मी काय करू?"

डॉक्टरांनी तिला आधी आत घेतलं आणि घड्याळ समोर ठेवलं. पांढरं, निळं, लाल. मनगटाची नाडी व्यवस्थित लागत होती. म्हणजे मोठी नळी मोकळी, आवळतात त्या बोटांतल्या बारीक. नुसतं एवढंच असतं तर फार काळजी नव्हती, ते म्हणाले. पुष्कळ बायकांना असतं, थंडी सांभाळली की भागतं. पण कधी कधी बोटं ही पहिली खूण असते, आणि मागून दुसरंच काही येत असतं.

त्यांनी अक्काच्या नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब सोडला आणि डोळे तपासायच्या भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "सायन्सला आहात ना? आधी स्वतःचं बोट बघा." माझ्या नखाच्या कडेला बारीक लाल वेलांट्या होत्या, एका मापाच्या, ओळीत. मग अक्काचं बोट. तिथे वेलांट्या थोड्याच होत्या, त्याही सुजलेल्या, वेड्यावाकड्या, आणि मध्येच मोकळी जागा. उसाच्या सरीत नांग्या पडतात तशी. कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून मी इतकं पाहिलं होतं, पण माझ्या ओळखीचं कधी काही पाहिलं नव्हतं.

"भाकरी गिळताना अडकते का?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्का चपापली. "तुमास्नी कसं कळलं? पाण्याचा घोट घेतल्याबिगर खाली उतरत न्हाई. मला वाटलं, पीठच जाडं."

मग प्रश्नांची रांगच लागली. चढ चढताना धाप लागते का? सकाळी सांधे धरतात का? उन्हात तोंडावर चट्टे येतात का? केस गळतात? दुष्काळात खडी फोडली होती का? या शेवटच्या प्रश्नाला अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं. उसाचं रान असलेल्या घरातली सून खडी फोडायला गेली, हे सासरी कुणी बोलत नसे. "फोडली," ती म्हणाली. "दोन म्हैने." दगडाच्या धुळीचा संबंध असतो असं काहीजण म्हणतात, पण तुमच्या बाबतीत सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि तेही लिहून घेतलं. रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीचा फोटो काढला. पांढरं औषध पाजून ते घशातून उतरतानाचाही फोटो काढला. "खडू घोळून प्यायल्यावानी," अक्का म्हणाली.

आठवड्याने सगळं हाती आलं. काचेवर जंतू नव्हते. महारोग नव्हता. मी खोलीच्या दारातच मोठ्याने म्हणाले, "अक्का, नाही! तो नाहीच! बघ, म्हणत होते ना मी!"

अक्काने माझा दंड धरला, तिच्या त्या ताठ बोटांनी, जोरात. "गप. त्यो ऐकतोय."

बाकावर तोच म्हातारा बसला होता. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, खूप लक्ष देऊन, जणू तिथे काही लिहिलं होतं. मी तोंड मिटलं. 'तो रोग नाहीच' हे जे वाक्य महिनाभर मी छातीवर बिल्ल्यासारखं मिरवत होते, ते कुणाच्या छातीत रुततंय हे मला त्या क्षणी दिसलं.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. रोगाचं नाव स्क्लेरोडर्मा. कातडी घट्ट होत जाते, आतूनही. "अंगात एक फौज असते, बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढणारी. तिला कधी कधी शत्रू ओळखता येत नाही आणि ती आपल्याच माणसांवर गोळ्या झाडते. का, ते अजून कुणाला नीट माहीत नाही."

"माझा मालक फौजेत हाय," अक्का म्हणाली. "त्यो तसला न्हाई."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "हा लागट नाही. कुणाला होणार नाही. पण बाई, खोटं सांगत नाही. महारोग असता तर गोळ्या दिल्या असत्या. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण त्याला औषध आहे. याला माझ्याकडे तसं औषध नाही. ऊब घ्या, गार पाण्यात हात घालू नका, बोटाला जखम होऊ देऊ नका, दर दोन महिन्यांनी या."

त्यांनी कागद लिहून दिला. वाटेत मी तो चार वेळा वाचला. गावात बातमी पोचली आणि बायका हसतमुखाने आल्या. "सुटलीस गं बाई! साधंच निघालं." आई त्यांना गूळ-पाणी देत होती. मला ओरडावंसं वाटत होतं की साधं निघालं नाही, जे निघालं ते बरं होणार नाही, तुमच्या भीतीपुरतं तेवढं साधं आहे. ओरडले नाही. मी तेव्हा तेवढी धीट नव्हते.

फाल्गुनात दाजी रजेवर आले आणि सासऱ्यांना घेऊन आमच्याकडे आले. सासरे या वेळी ओट्यावर टेकले. "कागद मिळाला म्हणं. बघू."

मी आतून कागद आणायला उठले. अक्का दारात उभी होती. "बस खाली," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "कागद दाखवायचा न्हाई, मामंजी."

वडील उठून उभेच राहिले. "आगं, येडी का काय तू? चांगला कागद हाय की!"

"चांगला हाय म्हणूनच न्हाई. वाईट आसता तर तुमी मला टाकली असती, व्हय ना? दवाखान्यात एक म्हातारा बसतो. त्याला कुठला कागद मिळायचा? त्यानं कुठं जायचं?"

"त्या म्हाताऱ्याचं मला काय?" सासरे म्हणाले.

"मला हाय. म्या त्याच्या बाकावर बसलीया."

दाजी तोवर सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मला एकच सांग. पोरीला लागंल का?"

"न्हाई. डाक्टरनं दोनदा सांगितलंय."

"मग झालं." ते आपल्या वडिलांकडे वळले. "दादा, वर बर्फात आमच्या पोरांची बोटं काळी पडून गळत्यात. त्यास्नी कुणी पल्टणीतनं हाकलत न्हाई. कागद ऱ्हाऊ द्या. मी न्हेतो हिला."

"न्हे," सासरे ताडकन म्हणाले. "पर मी तिच्या हातचं खाणार न्हाई. घरात दोन चुली हुतील."

मला वाटलं, इथे अक्का गप्प बसेल. पोरगी मिळत होती, घर मिळत होतं. माझ्या मनात आलं, आता पुरे कर, अक्का.

"दोन न्हाईत," ती म्हणाली. "चूल एकच. भाकऱ्या म्याच थापणार. डाक्टरनं ऊब घ्या म्हणलंय, तर चूल माझं औषध हाय. ज्याला खायच्या नसतील त्यानं उपाशी ऱ्हावं."

दाजींनी तोंड फिरवलं. ते हसत होते की काय, मला दिसलं नाही. सासरे उठले, चपला घातल्या आणि एकटेच फाट्याकडे चालू लागले. वडील "आवं, थांबा की" म्हणत मागे धावले, पण अक्का जागची हलली नाही. मग आत जाऊन तिने पेटी भरायला घेतली. बोटांनी कडी लागेना, ती मी लावली.

सासरे बरेच दिवस भावकीतल्या एका घरी जेवले, एवढं मला नंतर कळलं. किती दिवस, आणि कुठल्या दिवशी ते पुन्हा स्वतःच्या घरात ताटावर बसले, ते अक्काने मला कधी सांगितलं नाही. एकदा मी खोदून विचारलं. ती पोरीची वेणी घालत होती, ताठ बोटांनी, हळूहळू. "भूक लागली तवा बसलं," एवढंच म्हणाली.